डाळिंबी बैठक

शुभदावहिनींच्या बंगल्याच्या वास्तुशांतीला विद्युल्लता सगळ्यांच्या आधी पोचली होती. पाहुणे यायचे होते दुसऱ्या दिवशी, आणि ही आदल्या सकाळपासून कमरेला पदर खोचून शिडीवर. नवऱ्याच्या थोरल्या भावाचं घर, म्हणजे आपलंच घर, असं तिला मनापासून वाटत होतं. शिवाय भाऊंनीच सुधीरचं शिक्षण केलेलं. भाऊ डॉक्टर झाले, सुधीर शाळेत कारकून झाला, आणि टेमघरला भाड्याच्या दोन खोल्यांत संसार मांडून राहिला. भाऊंच्या घरून बोलावणं आलं की नाही म्हणायची सोय नव्हती.

शुभदावहिनींची हौस दांडगी आणि हात आखडता. थाट दिसला पाहिजे, पण खर्च होता कामा नये. ते कसं जमवायचं हे विद्युल्लतेला बरोबर ठाऊक होतं. तिच्या घरमालकिणीच्या, हौसाच्या, नवऱ्याने, केसरीनाथने, भाताच्या जमिनीवर यंत्रमागाची, लूमची, शेड टाकली होती. केसरीनाथच्या त्या शेडमध्ये विणीत दोष राहिलेलं कोरं कापड कोपऱ्यात पडून असे. विद्युल्लता ते मागून आणी, घरच्या पातेल्यात रंगवी आणि त्याचे पडदे, अभ्रे, टेबलक्लॉथ करी. शेडमधल्या, सूत गुंडाळायच्या फुटक्या लाकडी बॉबिनना तिने पांढरा रंग दिला आणि त्यांवर मेणबत्त्या बसवल्या. हौसाच्या तळ्यातली कमळाची पानं आणून पितळी घंगाळात तरंगत सोडली. माळ्यावरची तांब्याची भांडी चिंचेने घासून जिन्याच्या पायऱ्यांवर मांडली. खायलाही साधंच, कोथिंबीरवडी, पण एकसारखी कापून, काड्या टोचून, केळीच्या पानाच्या गोल चकत्यांवर मांडलेली.

दुसऱ्या दिवशी लोक दारातच थबकत होते. बँकेच्या मॅनेजरांच्या पत्नी, गावातल्या सगळ्या समारंभांना पहिल्या खुर्चीवर बसणाऱ्या, त्या तर हॉलभर फिरल्या.

"शुभदाताई, अहो हे कोणी केलं? मुंबईहून माणूस बोलावलात की काय?"

विद्युल्लता तिथेच होती, हातात कोथिंबीरवडीचा ट्रे घेऊन. तिच्या तोंडावर हसू आलंसुद्धा होतं.

"छे हो," शुभदावहिनी म्हणाल्या. "टेमघरहून एक बाई येते. सांगितलं की करून देते. साधीच आहे, पण हाताला बरी आहे." आणि विद्युल्लतेकडे न बघता त्यांनी ट्रेकडे बोट केलं. "इकडे दे गं जरा."

विद्युल्लतेने ट्रे पुढे केला. मॅनेजरीणबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि वडी उचलता उचलता विचारलं, "माझ्याकडे येशील का? मुलाचा वाढदिवस आहे पुढच्या महिन्यात."

"बघते," ती म्हणाली.

दोन हातांवर सासूबाई बसल्या होत्या, माई. त्यांच्या बोटांतली माळ थांबली. त्यांनी एकदा शुभदेकडे पाहिलं, एकदा विद्युल्लतेकडे, आणि मान खाली घालून पुन्हा मणी ओढायला लागल्या.

घरी जाताना तिने सुधीरला सांगितलं. तो म्हणाला, "वहिनी बोलून गेली असेल गं. लोकांपुढे काय काय सांगत बसणार? मनावर घेऊ नकोस."

हौसाला मात्र तिने दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. हौसा ओटीवर बसून सुकट निवडत होती. तिचे हात थांबले.

"आनि तू गप ऱ्हायलीस?"

"मग काय करणार होते?"

"मी असती त ट्रे तिच्या टकुऱ्यावर उपडा केला असता." हौसाने सुकटीतला खडा लांब फेकला. "सख्ख्या जावंला बाई म्हंते? आनि वयनी, तू हसतंस काय?"

विद्युल्लता हसत नव्हती. तिचा ओठ थरथरत होता, तो तिने दाबून धरला होता.

वर्ष गेलं. त्या वर्षात बंगल्यावरची बोलावणी चालूच राहिली. संक्रांतीचं हळदीकुंकू झालं, भाऊंच्या डॉक्टर मित्रांचं जेवण झालं. विद्युल्लता जात राहिली, करून देत राहिली, आणि प्रत्येक वेळी काम संपलं की स्वयंपाकघरात जाऊन बसली. ते शब्द तिच्या मनातून गेले नाहीत. कपडे वाळत घालताना, भाजी चिरताना, ती ते मनात पुन्हा पुन्हा म्हणून बघायची. साधीच आहे. हाताला बरी आहे. त्या शब्दांची धार बोथट होऊ नये, म्हणून ती त्यांना जपत होती म्हटलं तरी चालेल.

सत्याऐंशीच्या मे महिन्यात भाऊ-वहिनींच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. शुभदावहिनींनी विद्युल्लतेला बोलावून घेतलं. त्या खुशीत होत्या.

"विदू, काहीतरी वेगळं हवं या वेळी. सिल्व्हर ज्युबिली आहे ना, मी सगळ्यांना पांढरे कपडे घालून यायला सांगितलंय. साड्या, सफारी, सगळं पांढरं. फोटोत काय दिसेल बघ! पण बसायचं काय? खुर्च्या आणायच्या म्हणजे मंडपवाला आला, आणि त्या लोखंडी खुर्च्या दिसतात कशा!"

विद्युल्लतेने हातातला चहाचा कप बशीत टेकवला.

"सगळे पांढऱ्यात?" तिने विचारलं.

"सगळे. मॅनेजरीणबाई तर नवी टसर घेतायत."

"मग भारतीय बैठक करू या की, वहिनी," विद्युल्लता म्हणाली. आपला आवाज किती सरळ निघाला याचं तिलाच नवल वाटलं. "घरातल्या सगळ्या गाद्या हॉलमध्ये अंथरू. वर गडद रंग घालू. डाळिंबी. पांढऱ्या कपड्यांना उठाव येईल. लोड, तक्के, मध्ये मोगऱ्याची घमेली. मोठ्या लोकांच्या घरी हल्ली असंच करतात."

"डाळिंबी!" शुभदावहिनींनी टाळी वाजवली. "बघ, म्हणून मी तुला बोलावते. आणि हो, कुणी विचारलं तर मी कापड मुंबईचं म्हणून सांगणार आहे. आपल्या इथलं लूमचं म्हटलं की लोक नाक मुरडतात."

"सांगा ना," विद्युल्लता म्हणाली.

सुती कापड रंगवायचं तर पाणी खळखळून उकळायला हवं, त्यात मूठमूठ मीठ हवं, आणि नंतर स्वच्छ पाणी येईपर्यंत कापड पुन्हा पुन्हा खळबळायला हवं. तेव्हा कुठे रंग धाग्याला धरतो. विद्युल्लतेने त्या आठवड्यात हौसाच्या मागच्या अंगणात मोठं पातेलं मांडलं, पाणी नुसतं कोमट केलं, रंगाच्या पुड्या दुप्पट सोडल्या. मीठ घातलं नाही. कापड बुचकळलं आणि न धुता तसंच सावलीत वाळत टाकलं. वाळल्यावर रंग असा खुलला की विचारू नका. तिने बोट ओलं करून कापडावर घासलं. बोट लालभडक झालं.

हौसा तुळशीला पाणी घालत होती. तिने पातेल्याकडे पाहिलं, मग दोरीवरच्या कापडाकडे.

"मीठ न्हाय टाकलंस गो, वयनी?"

"नाही."

हौसाने तिच्या तोंडाकडे बघितलं. तिला बंगल्यावरच्या बैठकीचं आणि पांढऱ्या कपड्यांचं ठाऊक होतं. तिच्या डोळ्यांत हळूहळू हसू चढत गेलं. "बरं," ती म्हणाली आणि लोटा उचलला. "मी काय बघितलं न्हाय हाय."

समारंभाच्या दिवशी उकाडा मरणाचा होता. हॉल मात्र बघत राहावा असा सजला होता. पांढऱ्या भिंती, पांढरे पडदे, आणि त्यांच्या पायाशी भिंतीपासून भिंतीपर्यंत डाळिंबी रंगाची बैठक. घमेल्यांत मोगरा. थंडगार पन्ह्याचे पेले ट्रेमध्ये, बाहेरून घामेजलेले. एका कोपऱ्यात विद्युल्लतेने आठवणीने एक वेताची खुर्ची ठेवली होती, वर धुतलेली पांढरी चादर घालून. ती माईंसाठी. सासरे, अण्णा, गेल्यापासून माई पांढरंच नेसत. आणि सुधीरला तिने सांगितलं होतं की तपकिरी पँट घाल आणि पन्हं वाढायला उभा राहा. सुधीर नेहमीसारखा ऐकत आला होता.

संध्याकाळी पाच-साडेपाचला लोक यायला लागले. पांढऱ्या साड्या, मोतिया साड्या, सफारी, सदरे. शुभदावहिनी दारात उभ्या राहून हसत होत्या. "बसा ना, आरामात बसा, मांडी घालून बसा! कापड ना? मुंबईहून आणलं, मुद्दाम!" मॅनेजरीणबाई टसर सावरत बरोबर मध्ये बसल्या. भाऊ मित्रांबरोबर तक्क्याला टेकले. पंखे गरम हवाच फिरवत होते. लोक घाम पुसत होते, पेले गादीवर टेकवत होते, पाठी लोडांवर रेलवत होते. विद्युल्लता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून एकेकाकडे बघत होती. इतकं शांत तिला वर्षभरात वाटलं नव्हतं.

तेवढ्यात आतल्या खोलीतून माई आल्या. ती चटकन पुढे झाली.

"माई, तुमच्यासाठी खुर्ची ठेवलीय. या."

माईंनी खुर्चीकडे पाहिलं आणि हात हलवला. "सगळी खाली बसलीत आणि मी एकटी वर? आणि विदू, इतकं सुंदर केलंयस तू. मी यावरच बसणार."

"गुडघे दुखतील माई. ऐका माझं. खुर्चीवर बसा."

तिचा आवाज चढला होता. शुभदावहिनींनी वळून पाहिलं. विद्युल्लतेने माईंचा दंड धरला होता, तो तिने सोडला. माई भिंतीचा आधार घेत खाली बसल्या आणि पाठीमागे लोड सारून घेतला. अजून त्यांना ओढून उठवता आलं असतं. विद्युल्लता क्षणभर तिथे उभी राहिली, आणि मग वळून पन्ह्याचा दुसरा ट्रे आणायला निघून गेली.

पहिल्या उठल्या मॅनेजरीणबाई. भाऊ-वहिनींच्या शेजारी उभं राहून फोटो काढायचा होता. त्या पाठमोऱ्या झाल्या आणि मागे बसलेल्या कुणीतरी "अगंबाई!" म्हणून किंचाळलं. मोतिया टसरवर, कमरेपासून खाली, ताटाएवढा डाळिंबी डाग उमटला होता. पाठीवर लोडाचा आडवा पट्टा होता. त्यांनी मागे हात नेला. हातही लाल झाला.

मग सगळे आपापल्याकडे बघायला लागले. कुणी अर्धवट उठलं आणि तसंच खाली बसलं. सफारीतले एक डॉक्टर भिंतीला पाठ लावून सरकत दाराकडे निघाले. दोघीतिघींना हसू आवरेना, आणि आपल्याही साड्यांची तीच गत झालीय हे कळल्यावर त्या रडकुंडीला आल्या. शुभदावहिनी म्हणत होत्या, "चला ना, जेवायला चला, पानं मांडलीत." पण एक माणूस उठेना. पांढऱ्या कपड्यांतली ती सगळी प्रतिष्ठित मंडळी मांडी घालून गच्च बसून राहिली.

"हा काय प्रकार आहे?" मॅनेजरीणबाईंचा आवाज चिरकला. "पहिल्यांदा नेसलेली साडी आहे माझी! कुठलं हे कापड? कोणी रंगवलंय हे?"

शुभदावहिनींच्या कपाळावरून घाम ओघळत होता. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि दारातल्या विद्युल्लतेकडे बोट केलं.

"हिनं! हिनं केलंय सगळं. ही माझी जाऊ. सुधीरची बायको. माझी धाकटी जाऊ आहे ही!"

हॉलमधले सगळे चेहरे विद्युल्लतेकडे वळले. तिने हातातला ट्रे खाली ठेवला आणि पदराला हात पुसले.

"हो," ती म्हणाली. "मी वहिनींची सख्खी धाकटी जाऊ. वास्तुशांतीची सजावट मीच केली होती, बाई. तुम्ही विचारलंत तेव्हा वहिनी विसरल्या सांगायला. आज आठवलं त्यांना." तिने जरा श्वास घेतला. "कापडाचं मात्र मला काय ठाऊक? वहिनी मघापासून सांगतायत ना, मुंबईहून आणलं म्हणून. त्या दुकानदारालाच विचारायला हवं."

मॅनेजरीणबाईंनी विद्युल्लतेकडे पाहिलं, मग शुभदावहिनींकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग होता तिथे दुसरंच काहीतरी आलं. घरच्या सुनेला आपण वाढदिवसाच्या कामाला बोलावलं होतं, हे त्यांना आठवलं असावं. शुभदावहिनींनी तोंड उघडलं. कापड इथल्याच लूमचं आहे, हे एक वाक्य म्हटलं असतं तर त्या सुटल्या असत्या. ते त्यांच्याने म्हणवेना. भाऊ लाल झालेली पाठ घेऊन बायकोकडे बघत राहिले.

आणि तेव्हा माई उठल्या.

हात भिंतीला टेकवत, सावकाश. त्यांच्या पांढऱ्या पातळावर पाठभर तो रंग होता. इतरांच्या अंगावर तो नुसता डाग होता. माईंच्या अंगावर तो वेगळाच दिसला. मघाशी हसणाऱ्या बायकांनी नजरा वळवल्या. माई कुणाकडेही न बघता हॉलमधून चालत आतल्या खोलीत गेल्या आणि विद्युल्लतेचं काळीज पहिल्यांदा हललं.

ती पाठोपाठ आत गेली. माई पलंगाच्या कडेला उभ्या होत्या.

"पातळ सोडून द्या माई. मी लगेच धुते."

"निघणार नाही ते," माई म्हणाल्या. "मीठ न घालता रंगवलेलं कापड कसं दिसतं ते मला कळतं. तुझ्या लग्नाच्या वर्षी रंगवायला मीच शिकवलं तुला."

विद्युल्लता दाराला टेकून उभी राहिली.

"खुर्ची ठेवलीस तेव्हाच कळायला हवं होतं मला," माई म्हणाल्या. "इतकी काळजी तू उगाच घ्यायची नाहीस."

"तुम्हाला लागायला नको होतं."

"का नको?" माईंनी वळून तिच्याकडे पाहिलं. "ती तुला बाई म्हणाली तेव्हा मी तिथेच होते. माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच सुनेला. मी तोंड उघडलं असतं तर तिची काय हिंमत होती? पण हिच्या घरी राहायचंय, हिच्या हातचं खायचंय, म्हणून गप्प बसले." त्यांनी पाठीवरून पदर पुढे ओढून तो डाग पाहिला. "लागलं ते बरं झालं. आता एक सांग. मन निवलं का तुझं?"

खोटं बोलावं असं विद्युल्लतेच्या मनात येऊन गेलं. मग ती म्हणाली, "हो माई. निवलं."

माईंनी मान हलवली. शाबासकीची नाही, रागाचीही नाही. "मग रडू नकोस. आणि तिला जाऊन सांगूही नकोस. तिला जन्मभर शंका राहू दे."

बाहेर एकेक रिक्षा येत होती. लोक चादरी, टॉवेल कमरेला गुंडाळून निघून जात होते. पानं तशीच मांडलेली राहिली. शुभदावहिनींनी एकदा स्वयंपाकघरात येऊन दबक्या आवाजात विचारलं, "मुद्दाम केलंस ना गं?" विद्युल्लता श्रीखंडाचं पातेलं झाकत होती.

"वहिनी, मी साधी बाई. उकाड्याने सुटला असेल रंग," ती म्हणाली आणि चप्पल घातली.

सुधीर परतीच्या वाटेवर, टेमघरचा फाटा आल्यावर म्हणाला, "मला तपकिरी पँट घालायला का सांगितलीस ते आता कळलं." पुढे जरा चालून गेल्यावर पुन्हा म्हणाला, "भाऊनं मला शिकवलंय, विदू."

"तुम्हाला शिकवलंय," ती म्हणाली. "मला विकत घेतलेलं नाही."

त्यानंतर बंगल्यावरून कामाचं बोलावणं कधी आलंच नाही, आणि ते का येत नाही असंही त्याने कधी विचारलं नाही. गावात मात्र ती गोष्ट महिनाभर पुरली. शुभदावहिनींना भेटणारा प्रत्येक जण चेहरा सरळ ठेवून विचारी, "कापड कुठलं म्हणालात?"

गणपतीच्या आधी भाऊ स्वतः टेमघरला आले. ओटीवर बसून चहा घेतला आणि खाली बघत म्हणाले, "दीड दिवसाचा तर गणपती. जेवायला या. मनात काही ठेवू नकोस, विद्युल्लता."

"येते भाऊ," ती म्हणाली. "पण मनात आहे. ते असू दे."

ती गेली. जरीची साडी नेसून, सुधीरबरोबर, इतर पाहुण्यांच्या वेळेला. शुभदावहिनींनी या वर्षी मखर स्वतः केलं होतं. थर्माकोलचे खांब, त्यावर सोनेरी कागद, मागे विजेची माळ. डावा खांब बुडाशी नीट बसला नव्हता. आरती चालली असताना तो अंगुळभर कलला, मग आणखी थोडा. शुभदावहिनींनी तो एका हाताने सावरून धरला आणि टाळ्या थांबवून त्या विद्युल्लतेकडे बघायला लागल्या. खाली पुठ्ठ्याची एक पाचर सारली असती की झालं असतं. विद्युल्लतेला ते दिसत होतं. वहिनींनी आता दुसराही हात खांबाला लावला.

आरती संपली. विद्युल्लता पुढे झाली, नमस्कार केला, तळव्यावर प्रसाद घेतला.

"मखर छान झालंय हं, वहिनी," ती म्हणाली आणि पानावर जाऊन बसली.